वीस वर्षें लांबलेला सामना

ता. १२ ऑगस्ट १९४८ रोजीं लंडनमधील वेंब्लीच्या विस्तीर्ण क्रीडांगणावर ऑलिंपिक हॉकीचा अंतिम सामना झाला, आणि त्यांत भारताच्या संघानें ग्रेट ब्रिटनच्या संघावर चार गोलांनीं विजय मिळविला. ब्रिटनला एकहि गोल करतां आला नाहीं. देश स्वतंत्र झाल्यास एक वर्ष पुरें व्हावयाला त्या दिवशीं तीन दिवस उणे होते. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या आपणांवर राज्य केलें, त्यांच्याच राजधानींत, त्यांनींच शिकविलेल्या खेळांत त्यांचा असा पाडाव व्हावा, या योगायोगाचें आकर्षण इतकें प्रबळ आहे कीं, त्यापुढें बाकीच्या सर्व हकीकती फिक्या पडतात. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र अशाच ठिकाणीं थोडें थबकावें लागतें.

या विजयाभोंवतीं एक कथा गुंफली गेली आहे. ती अशी कीं, १९२८ सालीं ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिकला जातां जातां हिंदी संघ इंग्लंडांत उतरला. फोकस्टन येथें त्यानें इंग्रजांच्या संघास चार गोलांनीं हरविलें. आपल्या अंकित प्रजेकडून साऱ्या जगासमक्ष पराभव पत्करण्याची पाळी येऊं नये म्हणून इंग्रजांनीं ऑलिंपिक हॉकींतून अंग काढून घेतलें. आणि साम्राज्य होतें तोंपर्यंत ते तिकडे फिरकले नाहींत. साम्राज्य गेलें, झांकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, तेव्हां ते मैदानावर आले आणि व्हावयाचें तेंच झालें. ही कथा आम्हीं कितीएक वेळां ऐकली आहे, आणि ती सांगतांना सांगणाऱ्याच्या डोळ्यांत येणारी चमकहि पाहिली आहे. खुद्द ध्यानचंद यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत तिचा उल्लेख केला आहे. परंतु कानांवर आलेली अफवा म्हणून. इंग्रज कां आले नाहींत हें त्यांचें त्यांनाच ठाऊक, असें तो सरळ वृत्तीचा शिपाई म्हणतो. पुढें सांगणारांनीं अफवा हा शब्द गाळला आणि कथा तेवढी ठेवली.

प्रथम १९२८ सालची हकीकत पाहूं. त्या वर्षीं मार्च महिन्यांत हिंदी संघ मुंबईहून निघाला, तेव्हां त्याच्याकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. निघण्यापूर्वीं मुंबईच्या निवडक संघाशीं झालेला सामना त्यानें तीन विरुद्ध दोन अशा गोलांनीं गमावला होता. ‘कैसर-इ-हिंद’ ही बोट सुटली तेव्हां निरोप देण्यास धक्क्यावर अवघीं तीन माणसें होतीं: हॉकी महासंघाचे अध्यक्ष मेजर बर्न-मर्डोक, उपाध्यक्ष न्यूहॅम आणि एक पत्रकार भट्टाचार्जी. नंतर ॲम्स्टरडॅम येथें या संघानें ऑस्ट्रियावर सहा, बेल्जमवर नऊ, डेन्मार्कवर पांच, स्वित्झर्लंडवर सहा आणि अंतिम सामन्यांत यजमान हॉलंडवर तीन, असे एकूण २९ गोल केले. गोलरक्षक रिचर्ड ॲलन यांनीं संपूर्ण स्पर्धेंत एकहि गोल होऊं दिला नाहीं. एकट्या ध्यानचंदांचे गोल १४ होते. संघ परत आला तेव्हां निरोपास न आलेल्या त्याच मुंबईनें धक्क्यावर गर्दी केली आणि महापौर डॉ. गोपाळराव देशमुख हे स्वागतास उभे राहिले. यशाला नातेवाईक पुष्कळ असतात हें मुंबईकरांस निराळें सांगावयास नको.

फोकस्टनचा सामना खरा. त्यांतील चार गोल खरे. आतां प्रश्न एवढाच उरतो कीं, इंग्रजांची अनुपस्थिति त्या चार गोलांचा परिणाम होती काय? कार्यकारणसंबंध जोडतांना कारण आधीं आणि कार्य नंतर असावें लागतें; आणि येथेंच ही कथा लंगडी पडते. हॉकीचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९२४ सालच्या जानेवारींत पॅरिस येथें पॉल लेओते या फ्रेंच गृहस्थाच्या पुढाकारानें स्थापन झाला. त्या वर्षींच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें हॉकीस स्थान मिळालें नव्हतें, आणि या खेळास आंतरराष्ट्रीय संस्था नाहीं हें त्याचें कारण होतें. स्थापनेच्या वेळीं त्यांत सात राष्ट्रें होतीं, तीं सर्व युरोप खंडांतील; इंग्लंड त्यांत नव्हतें. आधुनिक हॉकीचे नियम आम्हीं घालून दिले, त्या नियमांवर देखरेख करणारें मंडळ आमचें आहे, मग फ्रेंचांनीं काढलेल्या नव्या संस्थेच्या पंक्तीस आम्हीं कशासाठीं बसावें, अशी इंग्रजांची वृत्ति होती. म्हणजे फोकस्टनला ध्यानचंदांच्या काठीचा चमत्कार दिसण्यापूर्वीं चार वर्षें इंग्लंडनें आपलें पान वेगळें मांडलेलें होतें.

याला जोडून दुसरी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या काळच्या इंग्रज हॉकी संस्थेस चषक, ढाली आणि गुणांच्या स्पर्धा या गोष्टींचें वावडें होतें. हॉकी हा सभ्य गृहस्थांनीं शनिवारीं दुपारीं खेळावयाचा खेळ. त्यांत जिंकावें, हरावें आणि मग एकत्र चहा प्यावा. अजिंक्यपदाचा लोभ शिरला कीं खेळाची चव जाते, अशी त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा ढोंगी होती असें आम्हीं म्हणत नाहीं. स्वदेशांतील आपल्या मंडळांसहि त्यांनीं तोच नियम लावला, आणि १९६० नंतरचीं कांहीं वर्षें उलटेपर्यंत इंग्लंडांतील हॉकींत गुणांच्या स्पर्धा रूढ झाल्या नाहींत.

तथापि श्रद्धा आणि सोय यांची गांठ पडते तेव्हां काय होतें हेंहि पाहण्यासारखें आहे. १९०८ सालीं ऑलिंपिक लंडनला भरलें, तेव्हां हॉकीच्या सहा संघांपैकीं चार एकाच राज्यांतून आले होते: इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. अंतिम सामन्यांत इंग्लंडनें आयर्लंडवर आठ विरुद्ध एक अशा गोलांनीं मात केली. १९२० सालीं अँटवर्पला चारच संघ होते, त्यांतहि ब्रिटन पहिलें आलें. अजिंक्यपदाचें वावडें असलेल्यांनीं तीं दोन अजिंक्यपदें नाकारल्याचें कोठें वाचनांत येत नाहीं. आणि १९४८ सालीं ऑलिंपिक पुन्हां लंडनला आलें, तेव्हां ब्रिटनचा संघ पुन्हां मैदानावर आला. यजमानानें आपल्याच घरच्या पंगतींतून उठून जाणें शोभत नाहीं, एवढें तत्त्वज्ञान त्यास पुरें झालें. मुद्दा असा कीं, इंग्रज भ्याले याला पुरावा नाहीं. ते अहंकारानें दूर राहिले याला पुष्कळ आहे. आपल्याकडील कथेस भीति अधिक गोड लागते, कारण भ्यालेला शत्रु आपली थोरवी गातो. आपल्याकडे न पाहणारा शत्रु तेवढेंहि करीत नाहीं.

पण या कथेंतील खरी चूक इंग्रजांविषयीं नाहीं. ती आपणांविषयीं आहे. ‘आपण १९२८ सालीं तयार होतों, त्यांनीं वीस वर्षें टाळलें, शेवटीं १९४८ सालीं आपण त्यांना गांठलें,’ या वाक्यांतील पहिला ‘आपण’ आणि शेवटचा ‘आपण’ हे एकच होते काय?

१९२८ सालच्या संघाची यादी वाचावी. नायक जयपालसिंग, छोटा नागपुरांतील मुंडा जमातीचे, ऑक्सफर्डचे पदवीधर. सिव्हिल सर्व्हिसच्या उमेदवारीच्या काळांत रजा मिळाली नाहीं तरी ते खेळावयास गेले, आणि अंतिम सामन्यापूर्वींच संघाबाहेर पडले. पुढें हेच गृहस्थ घटना समितींत आदिवासींचे प्रवक्ते म्हणून गाजले. त्यांच्या खालोखाल पिनिगर, नॉरिस, हॅमंड, रॉक, मार्थिन्स, सीमन, गेटली अशीं अँग्लो-इंडियन नांवें, मग फेरोझखान, शौकत अली, युसुफ, केहरसिंग गिल, आणि झांशीचे ध्यानचंद, लष्करांतील एक साधे शिपाईगडी. रेल्वे, तारखातें, कस्टम आणि पलटणी यांच्या मैदानांवर तयार झालेला हा संघ होता. हॉकी या देशांत आली तीच मुळीं छावण्यांच्या वाटेनें. कलकत्त्याचा बेटन चषक १८९५ चा आणि मुंबईचा आगाखान चषक १८९६ चा. म्हणजे ज्या स्पर्धांस इंग्रज मायदेशीं नाक मुरडीत होते, त्याच स्पर्धांत येथील हॉकी वाढत होती.

आमच्या पांढरपेशा मराठी वर्गाचा या वाढींत भाग अल्प आहे, हें कबूल करावयास हरकत नसावी. आम्हांस क्रिकेटचें वेड. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांतील एकेका खेळीची चर्चा आमच्या माजघरापर्यंत पोंचे. हॉकीच्या मैदानाकडे मात्र रेल्वेच्या वसाहतींतील किंवा गिरगांव-माझगांवकडील ख्रिस्ती तरुणांचा खेळ म्हणून पाहिलें जाई. १९४८ च्या अंतिम सामन्यांत भारताचे गोलरक्षक होते लिओ पिंटो, मध्यफळींत होते मॅक्सी वाझ आणि आघाडींत होते लॉरी फर्नांडिस. हीं तिन्ही नांवें मूळच्या गोमंतकीय कुटुंबांतील आहेत. संघाचे नायक किशनलाल हे महूचे, परंतु बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या नोकरीमुळें मुंबईचे झालेले. आपल्या शेजारीं राहणाऱ्या या मंडळींची नांवें सुशिक्षित मराठी घरांतून किती जणांस आठवतील, याची आम्हांस शंका आहे.

ॲम्स्टरडॅमनंतर १९३२ सालीं लॉस एंजल्स झालें, १९३६ सालीं बर्लिन झालें, दोन्हीकडे सुवर्णपदक आलें. बर्लिनचा अंतिम सामना १५ ऑगस्ट रोजीं झाला आणि त्यांत जर्मनीवर आठ विरुद्ध एक असा जय मिळाला. त्या तारखेस पुढें काय अर्थ येणार होता तें त्या दिवशीं कोणास ठाऊक? बर्लिनला सरावाच्या सामन्यांत जर्मनीनें हिंदी संघास चकित केलें, तेव्हां आघाडी बळकट करण्यासाठीं हिंदुस्थानांतून ऐन वेळीं एका खेळाडूस बोलाविण्यांत आलें. त्याचें नांव अली इक्तिदार शाह दारा. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. मग महायुद्ध आलें. १९४० आणि १९४४ चीं ऑलिंपिकें झालींच नाहींत. त्यामागोमाग १९४७ सालचा ऑगस्ट आला.

फाळणीचे घाव मोजतांना क्रीडांगणाचा हिशेब कोणी करीत नाहीं. करूंहि नये, कारण जेथें लाखों माणसें मेलीं आणि घरांस मुकलीं तेथें खेळाचें दुःख सांगणें विशोभित दिसतें. तरीपण तो हिशेब आहे. हिंदी हॉकीचा मुख्य आधार पंजाब हा होता, आणि तोच मधोमध चिरला गेला. १९४७ सालीं अविभक्त पंजाबच्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्या संघाचे नायक होते हेच दारा, आणि त्याच संघांतून खेळत होते तरुण बलबीरसिंग. वर्ष सव्वा वर्षानें दोघेहि लंडनला गेले: दारा पाकिस्तानच्या संघाचे नायक म्हणून, बलबीरसिंग भारताच्या आघाडीचे खेळाडू म्हणून. भारताच्या मध्यफळींतील केशव दत्त हे लाहोरचे. पाकिस्तानच्या संघांत त्यांचे कालपरवांचे सोबती होते. उलट भारताच्या संघांत अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान हे दोघे होते, त्यांच्याकडे आम्ही पुढें येऊं.

लंडनच्या स्पर्धेंत १३ संघ उतरले होते. युद्धाच्या झळांनीं पोळलेलें तें शहर. अन्नधान्याचें नियंत्रण अजून उठलें नव्हतें, आणि नवें क्रीडांगण बांधण्याची ऐपत नसल्यामुळें प्राथमिक सामने निरनिराळ्या कंपन्यांच्या व संस्थांच्या मैदानांवर उरकण्यांत आले. उपान्त्य व अंतिम सामन्यांपुरतें वेंब्ली मोकळें झालें. भारतानें ऑस्ट्रियावर आठ, अर्जेंटिनावर नऊ विरुद्ध एक आणि स्पेनवर दोन गोलांनीं जय मिळविला. अर्जेंटिनाविरुद्ध नऊपैकीं सहा गोल एकट्या बलबीरसिंगांचे होते. आणि तरीहि पुढच्या सामन्यांत, व उपान्त्य सामन्यांतहि, त्यांना बाहेर बसविण्यांत आलें! लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांनीं हाय कमिशनर कृष्ण मेनन यांच्याकडे गाऱ्हाणें नेलें तेव्हां अंतिम सामन्यास आपली वर्णी लागली, असें बलबीरसिंग स्वतः सांगत असत. संघ निवडणाऱ्यांच्या डोक्यांत काय होतें तें सांगणें कठिण; परंतु निवडसमित्यांची बुद्धि हा आपल्याकडील क्रीडेतिहासांतला एक स्वतंत्र विषय आहे खास.

उपान्त्य सामन्यांत भारतानें हॉलंडवर दोन विरुद्ध एक असा निसटता विजय मिळविला. येथें एक आंकडा शेजारीं ठेवून पाहावा. याच हॉलंडला गटाच्या सामन्यांत पाकिस्ताननें सहा विरुद्ध एक असें धुऊन काढलें होतें. ब्रिटननें मात्र तोंपर्यंत कोणी कसलेला प्रतिस्पर्धी पाहिला नव्हता: अमेरिकेवर अकरा आणि अफगाणिस्तानावर आठ गोल त्यांनीं केले खरे, पण स्वित्झर्लंडशीं त्यांचा सामना एकहि गोल न होतां बरोबरींत सुटला होता. एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस पाकिस्तान, आणि एकाच शाळेंतून निघालेल्या दोन भावांची वेंब्लीवर गांठ, असें चित्र स्पर्धेचे जाणकार रंगवूं लागले असल्यास नवल नव्हतें. परंतु ब्रिटननें पाकिस्तानला उपान्त्य सामन्यांत दोन गोलांनीं हरविलें. पाकिस्तानचा संघ पुढें तिसऱ्या स्थानाचा सामनाहि हॉलंडकडून हरला. पहिला एकएक असा बरोबरींत सुटला आणि दुसरा चार विरुद्ध एक असा गेला.

अंतिम सामन्याच्या वेळीं पाऊस झाला होता. वेंब्लीचें गवत ओलें आणि जमीन जड झाली होती. चेंडू लांब जाईना. कोरड्या, टणक मैदानावर आंखूड पासांनीं खेळणाऱ्यांस असली जमीन प्रतिकूल, आणि इंग्रजांस ती रोजच्या परिचयाची. तरी पहिल्या पंधरा मिनिटांतच बलबीरसिंगांनीं दोन गोल केले. मध्यंतरानंतर किशनलाल आणि के. डी. सिंग ‘बाबू’ यांनीं बूट काढून टाकले व अनवाणी खेळूं लागले. पायास मातीचा स्पर्श झाल्यावर या दोघांस जणूं मैदान ओळखूं आलें. उत्तरार्धांत त्रिलोचनसिंग आणि पॅट्रिक जॅन्सेन यांनीं एकेक गोल घातला. ब्रिटनचे नायक नॉर्मन बोरेट यांनीं त्या स्पर्धेंत दहा गोल केले होते. लिओ पिंटोंपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. २०१८ सालीं या विजयावर निघालेल्या हिंदी बोलपटांत शेवटच्या क्षणापर्यंत प्रेक्षकांचा जीव टांगणीस लागतो. प्रत्यक्षांत तसें कांहीं झालें नाहीं. सामना एकतर्फी होता, आणि तो तसा होता हीच त्याची थोरवी आहे; बोलपटवाल्यांस ती पुरेशी वाटली नाहीं.

बलबीरसिंग २०२० सालीं वारले. तिरंगा वर चढूं लागला तेव्हां आपणहि त्याबरोबर उंच जात आहों असें वाटलें, ही त्या दिवसाची आठवण ते अखेरपर्यंत सांगत. फाळणीच्या दिवसांत ते पंजाबच्या पोलिसखात्यांत होते. त्यांनीं काय पाहिलें असेल याची कल्पना करवत नाहीं. अशा माणसास तो झेंडा काय वाटला असेल, याचें मोल ब्रिटनवरील सूडाच्या भाषेंत होणार नाहीं. तेथें वेंब्लीवर इंग्रजांचा पराभव झाला ही गोष्ट लहान नाहीं. पण ज्या हिंदुस्थानाला १९२८ सालीं इंग्रजांशीं खेळावयाचें होतें, त्यांतला मोठा तुकडा १९४८ सालीं उपान्त्य सामना हरून प्रेक्षकांत बसलेला होता. अँग्लो-इंडियन मंडळींचे जथे त्या सुमारास ऑस्ट्रेलियाची व विलायतेची वाट धरूं लागले होते. आणि समोरचे प्रतिस्पर्धीहि साम्राज्याचे धनी उरले नव्हते. शिधापत्रिकेवर जगणाऱ्या एका थकलेल्या देशाचे ते हौशी खेळाडू होते. सामना झाला; पण ज्या दोघांत तो व्हावयाचा होता ते दोघेहि तोंवर निघून गेले होते.

चार वर्षांनीं हेलसिंकीला भारतानें ब्रिटनला उपान्त्य सामन्यांत तीन विरुद्ध एक असें पुन्हां हरविलें. त्या सामन्यांतील तिन्ही गोल बलबीरसिंगांचे होते. पण आज त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. १९४८ सालीं लंडनला जो सामना झाला नाहीं, तो आठ वर्षांनीं, १९५६ सालीं मेलबर्न येथें झाला: अंतिम फेरींत भारताविरुद्ध पाकिस्तान. एकच गोल झाला. तो भारताच्या रणधीरसिंग जेंटल यांचा. जेंटल, बलबीरसिंग, क्लॉडियस आणि फ्रान्सिस हे चौघे लंडनच्या संघांतील. आणि मेलबर्नला रौप्यपदक मिळविणाऱ्या पाकिस्तानच्या संघांत दोन नांवें होतीं, अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान. आठ वर्षांपूर्वीं भारतासाठीं मिळविलेलें सुवर्णपदक त्या दोघांच्या घरीं तेव्हांहि होतेंच.